मोठ्या भावाच्या डोक्याला मार, दोन आठवडे होत आले. पुढं किती बरा होईल हे आत्ता सांगता येते का?

वावरवाला_वणी

नमस्कार. वणी तालुक्यातल्या खेड्यातून लिहून राहिलो. माझा मोठा भाऊ, वय ३४, डोक्याला मार लागून नागपूरच्या एका दवाखान्यात भरती आहे. तेव्हा आमच्या फीडरला थ्री-फेज लाईन रात्रीची होती. चण्याला पाणी देऊन पहाटे गाडीवर घरी येत होता, रोही (नीलगाय) आडवी आली आणि गाडी सडकेखाली गेली. मागून दुधाची गाडी येत होती, त्या माणसानं १०८ ला फोन केला. आधी वणी, मग चंद्रपूर, मग नागपूर असं करत पोचलो.

नागपूरच्या कागदावर पहिल्या दिवशी जीसीएस ६ लिहिलं आहे, खाली ई १, व्ही १, एम ४. दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या उजेडाला हलत होत्या. एमआरआयमध्ये ‘डिफ्यूज अ‍ॅक्झोनल इंज्युरी’ (झटक्यानं मेंदूतले बारीक तंतू जागोजागी दुखावणं) निघाली, थोडं रक्त साकळलेलं आहे पण डोक्याचं ऑपरेशन लागलं नाही. मांडीचं हाड मोडलं, त्यात रॉड टाकला. आता व्हेंटिलेटर निघालं. गळ्याला भोक पाडून नळी आहे, नाकातून नळीनं दूध-पातळ देऊन राहिले. तीन-चार दिवसांपासून डोळे उघडतो, पण नजर कोणावर थांबत नाही. चिमटा घेतला की हात ओढून घेतो. आवाज दिला तर काहीच नाही.

एक डॉक्टर म्हणतात वाट पाहा. दुसरे म्हणाले, असाच राहू शकते, घरी नेऊन सेवा करा. पुण्याच्या मावसभावानं नेटवर कोणतं तरी कॅल्क्युलेटर भरलं आणि त्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. त्यात सहा महिन्यांनी ‘वाईट परिणाम’ होण्याची शक्यता निम्म्याच्या वर दाखवते. ते पाहिल्यापासून बाबा बोलत नाहीत. इकडं गावातला एक जण सडकेला लागून असलेले आमचे दोन एकर घ्यायला तयार होऊन बसला आहे. आई म्हणते वावर गेलं तरी चालेल, पोरगा आला पाहिजे. वहिनी रोज रात्री मला एकच विचारते, “भाऊजी, हे मले ओळखतील का?” मोठी पोरगी तिसरीत आहे, लहानगा अंगणवाडीत.

मला एवढंच समजून घ्यायचं आहे. हे टक्के काढतात कशावरून? आणि त्याच्या भरवशावर घरी न्यायचा का, वावर विकायचं का, हे ठरवता येते का?

देवळीचा_दत्तू

भाऊ, हिम्मत सोडू नका. आमच्या सोयऱ्याला असंच झालं होतं. एका गावी नाकात झाडपाल्याचं औषध सोडतात, तिथं नेलं होतं. पेशंट नसला तरी चालते, औषध घरी आणून देता येते. पाहिजे असल्यास पत्ता विचारून सांगतो.

निवृत्त_सिस्टर_हिंगणघाट

वणीचे भाऊ, सगळ्यात आधी नाकातल्या औषधाचं. दत्तूभाऊंनी आपुलकीनं सांगितलं आहे, पण कृपा करून हे करू नका. तुमच्या भावाला अजून गिळता येत नाही. नाकातोंडात काहीही सोडलं तर ते सरळ छातीत उतरू शकतं आणि न्यूमोनिया होतो. शिवाय कवटीच्या तळाचं हाड तडकलेलं असेल तर नाक आणि मेंदू यांच्यामधला पडदाच फाटलेला असू शकतो. डॉक्टरांनी घातलेल्या नळीशिवाय काहीही जाता कामा नये, अंगाऱ्याचं पाणीसुद्धा नाही.

मी नागपुरात सरकारी नोकरीत होते. न्यूरोसर्जरीच्या वॉर्डात आणि आयसीयूत माझा बराच काळ गेला, आता गावी राहते. तुमचा भाऊ मी पाहिलेला नाही, त्यामुळे तो किती बरा होईल याचा अंदाज मी देणार नाही. पण ते टक्के कसे निघतात हे मला माहीत आहे, आणि घरच्यांना ते कोणी नीट बसून सांगत नाही याचं मला नोकरीभर वाईट वाटत आलं आहे. म्हणून लांबलचक लिहिते, वेळ काढून वाचा, वहिनींनाही वाचून दाखवा.

जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातले ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ मध्ये हे मोजमाप मांडलं. डोळ्यांना (ई) ४, बोलण्याला (व्ही) ५ आणि हातापायांच्या हालचालीला (एम) ६ पैकी गुण देतात. प्रत्येकात कमीत कमी १ मिळतोच, म्हणून एकूण ३ ते १५. आठ किंवा त्याखाली म्हणजे गंभीर इजा. तुमच्या भावाचे ६ होते. पण नुसत्या बेरजेवर जाऊ नका. घशात नळी असली की बोलण्याचे गुण मिळतच नाहीत, चेहरा सुजला की डोळे उघडत नाहीत आणि झोपेचं औषध चालू असलं की सगळंच खाली येतं. पुढचा अंदाज बांधताना सगळ्यात जास्त वजन ‘एम’ला असतं. दुखवल्यावर हातपाय ताठ होऊन बाहेर वळले तर २, कोपरातून विचित्र आखडले तर ३, हात मागे ओढला तर ४, दुखतं तिथं हात नेऊन आपला हात झटकायला पाहिला तर ५, आणि सांगितलेलं ऐकलं तर ६. तुमचा भाऊ पहिल्या दिवशी ४ वर होता. आज किती आहे हे राउंडला विचारा. पहिल्या दिवशीच्या गुणापेक्षा तो पुढे वर सरकतो आहे की खाली, यावरून मला जास्त कळायचं.

आता ते कॅल्क्युलेटर. तुमच्या वर्णनावरून ते ‘क्रॅश’ नावाचं असावं. डोक्याच्या मारावर स्टेरॉइड द्यावं का, हे तपासायला एक मोठी चाचणी झाली होती, १०,००८ पेशंटांची. २००४ मध्ये निकाल आला की स्टेरॉइडनं मृत्यू उलट वाढतात, आणि ते देणं बंद झालं. त्याच पेशंटांच्या माहितीवरून २००८ मध्ये हे गणित तयार केलं. वय, जीसीएस, बाहुल्या उजेडाला हलतात का, अंगाला दुसरीकडे मोठी इजा आहे का, एवढं भरायचं. सीटी स्कॅनची माहिती असली तर तीही घेतं. त्यातले बहुतेक पेशंट आपल्यासारख्या देशांतले होते आणि अशा देशांसाठी त्यात वेगळं कोष्टक आहे. म्हणून मी त्याला फालतू म्हणणार नाही. वय चाळिशीच्या पुढे गेलं की धोका वाढत जातो असं त्यात दिसलं. तुमचा भाऊ ३४ चा आहे आणि बाहुल्या दोन्ही हलत होत्या, या दोन गोष्टी त्याच्या बाजूच्या. मांडीचं हाड विरुद्ध बाजूचं.

पण मावसभाऊंना एक सांगा. ते गणित अपघातानंतरच्या पहिल्या काही तासांतल्या माहितीवर उभं आहे. त्या वेळी जे पुढच्या दोन आठवड्यांत जाणार होते, तेही त्याच टक्क्यात मोजलेले आहेत. तुमचा भाऊ तो काळ पार करून व्हेंटिलेटरवरून उतरला आहे. त्याला आज पहिल्या दिवसाचा आकडा लावणं बरोबर नाही.

दुसरी गोष्ट, त्यातला ‘वाईट परिणाम’ म्हणजे काय? मृत्यू, काहीच जाणीव नसलेली अवस्था आणि ‘तीव्र अपंगत्व’ या तिन्हीची ती मोट आहे. तीव्र अपंगत्व कोणाला धरतात? ज्याला रोजच्या जगण्यात दुसऱ्याची मदत लागते त्याला. बारीक मोजणीत असाही प्रश्न असतो की तो एकटा बाजारहाट करू शकतो का, एकटा प्रवास करू शकतो का. म्हणजे जो माणूस घरात चालतो, स्वतः जेवतो, लेकरांना जवळ घेतो, पण एसटीनं एकटा वणीला जाऊन सामान आणू शकत नाही, तोही त्या ‘वाईट’ खान्यात बसतो. पाच-सहा माणसांच्या घरात अशा माणसाचं आयुष्य कसं असेल हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. वहिनी विचारतात त्या प्रश्नाला, मला ओळखतील का, त्या कोष्टकात खानाच नाही.

टक्क्यांचं असं आहे की हवामान खातं विदर्भात सरासरीइतका पाऊस म्हणतं, ते विदर्भासाठी खरंही ठरतं, पण तुमच्या धुऱ्याच्या आत किती पडेल हे त्यावरून कळत नाही. शंभर जणांसाठी बांधलेला अंदाज शंभरांसाठीच चांगला असतो. डॉक्टर “सांगता येत नाही” म्हणाले तर ते टाळून राहिले असं समजू नका. पुष्कळदा तेच सगळ्यात प्रामाणिक उत्तर असतं.

आणि मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट. अंदाज वाईट आला म्हणून माणसाला लवकर सोडून दिलं, तर अंदाज खरा ठरणारच. कॅनडातल्या सहा ट्रॉमा सेंटरमधल्या ७२० गंभीर पेशंटांचा अभ्यास २०११ मध्ये आला होता. तिथं जे दगावले त्यांतले सुमारे ७० टक्के उपचार काढून घेण्याच्या निर्णयानंतर गेले होते, त्यातही बरेच पहिल्या तीन दिवसांत. आपल्याकडे व्हेंटिलेटर काढायचा निर्णय सहसा असा बसून होत नाही. आपल्याकडे डामा होतो, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला डावलून पेशंटला घरी नेणं. पैसे संपले, कापूस वेचायला माणूस नाही, कोणी तरी म्हणालं “आता काय उरलं आहे”, आणि बाप अंगठा देऊन पोरगा घरी घेऊन जातो. त्यांतला कोण बरा झाला असता हे कोणालाच कधी कळत नाही. डामाच्या कागदावर सही होताना मी तिथं उभी राहिलेली आहे. बापाला दोष देण्यासारखं त्यात काही नसतं. पण तो सही करतो ती टक्क्यांवर विसंबून, आणि ते टक्के तेवढे पक्के नसतात.

आता तुमच्या भावाच्या टप्प्याबद्दल. दोन आठवड्यांनी डोळे उघडे, पण जाणीव दिसत नाही, अशांचं पुढे काय होतं? अमेरिकेत १८ ट्रॉमा सेंटरमधल्या पेशंटांचा वर्षभर पाठपुरावा झाला, २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. दोन आठवड्यांनी ज्यांना कसलीच जाणीव नव्हती आणि ज्यांची पुढची माहिती मिळाली, त्यांतले ७८ टक्के वर्षाच्या आत शुद्धीवर आले. आपण कोण, कुठं आहोत, दिवस कोणता, हे भान सुमारे चौथ्या हिश्श्याला आलं. दोन्ही आकडे सोबतच वाचा. पहिला वाचून उड्या मारू नका आणि दुसरा वाचून खचू नका. तिकडं पेशंट महिनोन्महिने पुनर्वसन केंद्रात असतो, फिजिओ-स्पीचवाले रोज येतात. आपल्या खेड्यात ते नाही, म्हणून तेच आकडे इकडं जसेच्या तसे उतरतील असं मी म्हणत नाही. पण “दोन आठवडे झाले, उठला नाही, म्हणजे संपलं” हे खोटं आहे, एवढं त्यातून पक्कं दिसतं.

तुम्ही घरचे काय पाहू शकता? डोळे उघडणं म्हणजे जाणीव नव्हे, हे खरं. जाणीव परत येताना बहुतेकदा आधी नजर येते. हातातला आरसा त्याच्या तोंडासमोर धरा, त्याचा चेहरा त्याला दिसेल असा, आणि हळू उजवीकडे, मग डावीकडे न्या. स्वतःचा चेहरा नजरेला सगळ्यात जास्त ओढतो, हे तपासलेलं आहे. मग साधे हुकूम द्या, एका वेळी एकच. “अंगठा वर कर.” थांबा, मनात दहा मोजा, उत्तर उशिरा येतं. “हात दाब” सांगू नका, तळहाताला काही लागलं की मूठ आपोआप मिटते आणि आपण फसतो. सकाळी एकदा, दुपारी एकदा, बसतं केलेलं असताना, सक्शन करून (नळीतला कफ यंत्रानं ओढून) छाती मोकळी असताना. ताप असेल, झोपेचं इंजेक्शन दिलं असेल तर त्या वेळचं धरू नका. काही दिसलं तर मोबाईलवर व्हिडिओ घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. राउंडला दोन मिनिटं मिळतात, त्यात तो झोपलेला असला तर संपलं. नुसत्या नजरेनं ‘जाणीव नाही’ ठरवलेल्या पेशंटांना नीट मोजपट्टी लावली तेव्हा दहातल्या चौघांमध्ये जाणिवेच्या खुणा सापडल्या, असा २००९ चा युरोपातला अभ्यास आहे. जवळ बसणाऱ्या बायकोला ते आधी दिसतं, हे मी स्वतः पुष्कळदा पाहिलं आहे. दिसलं नाही तर खोटं दिसवून घेऊ नका, तेही होतं.

पुढचे दोन टप्पे लक्षात ठेवा. तो सांगितलेलं ऐकायला कधी लागतो, आणि शुद्धीवर आल्यावर कालचं आज आठवायला कधी लागतो. पहिला टप्पा महिन्याच्या पुढे गेला तर आधीसारखा पूर्ण होण्याची शक्यता कमी होते. दुसरा दोन महिन्यांच्या आत आला तर फार मोठं अपंगत्व राहण्याची शक्यता कमी. हे ढोबळ आडाखे आहेत, पण कॅल्क्युलेटरपेक्षा ते तुमच्या भावाला जवळचे आहेत, कारण ते त्याच्यावरूनच मोजलेले असतील.

घरी न्यायचं का? आत्ता नको. गळ्याची नळी, मांडीचं ऑपरेशन, छाती, हे आधी स्थिर व्हायला पाहिजे. पण कधी तरी न्यावं लागणार आणि त्याची तयारी आतापासून करा, पुढं सांगते.

वावराचं. मी तुमच्या घरातली नाही, पण विचारलं आहे म्हणून सांगते. या आठवड्यात इसार घेऊ नका. दवाखान्यात आरोग्यमित्राकडे (योजनेचं काम पाहणारा माणूस) जा, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत नाव लागलं आहे का पाहा. राशन कार्ड आणि आधार लागेल. आता तिचं संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. आणि बिलात सिटीकोलीन नावाचं इंजेक्शन किंवा गोळ्या आहेत का तेही बघा. २०१२ मध्ये अमेरिकेत १,२१३ पेशंटांवर ते तपासलं, डोक्याच्या मारात त्याचा फायदा दिसला नाही. आपल्याकडे ते सर्रास लिहितात. आपल्या मनानं बंद करू नका, पण “हे लागतंच का?” असं विचारायचा तुम्हाला हक्क आहे. त्या पैशांत फिजिओथेरपिस्ट येतो.

वावरवाला_वणी

सिस्टर, तुमचं लिहिलेलं दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून वहिनीला वाचून दाखवलं. मावसभावाला फोन करून ग्रुपवरचा तो फोटो काढायला लावला.

काल राउंडला विचारलं. मोठे सर म्हणाले एम आता ५ आहे, परवापासून. सक्शनच्या वेळी नळीवाल्या सिस्टरचा हात पकडून बाजूला करतो म्हणाले. आम्हाला हे कोणी सांगितलंच नव्हतं. आरसा धरून पाहिला. एकदा डावीकडे नजर गेली असं वहिनीला वाटलं, मला तेवढं वाटलं नाही. नंतर काही नाही. व्हिडिओ घेतला आहे, सर म्हणाले घेत राहा.

सिटीकोलीन बिलात होतं. सरांना विचारलं, ते रागावले नाहीत, बंद करून टाकलं. आरोग्यमित्राकडे कागद दिले, मंजुरी यायची आहे. बाबांना मात्र पटून नाही राहिलं. ते म्हणतात डॉक्टर खरं सांगत नाहीत, तू मला सरळ सांग, पोरगा वावरात जाईल का नाही.

दिग्रसची_सून

भाऊ, तुमच्या वहिनीसाठी लिहून राहिले. त्यांना हे दाखवा.

माझ्या मालकांना चार वर्षांआधी असंच झालं. ट्रॅक्टरवरून पडले. गळ्याची नळी, नाकाची नळी, सगळं पाहिलं. मलेही डॉक्टरांनी काहीच धड सांगितलं नव्हतं. सासू म्हणे देवाच्या हाती, दीर म्हणे खर्च किती करायचा.

ते शुद्धीवर आले, पण टीव्हीत दाखवतात तसं एकदम डोळे उघडून “मी कुठं आहे” असं काही झालं नाही. आधी नुसते पाहत राहायचे. मग शिव्या द्यायला लागले. कधी वाकडा शब्द न बोललेला माणूस, नर्सबाईला, मले, त्यांच्या आईला वाट्टेल ते बोलायचे, नळ्या उपटायचे, हात बांधून ठेवावे लागले. मी खाली जाऊन रडायची. तिथल्या एका ताईनं सांगितलं की हा मेंदू जागा होतानाचा टप्पा आहे, पुष्कळांना येतो, तुमच्यावर नाही ते. हे कोणी आधी सांगितलं असतं तर एवढी घाबरली नसती. म्हणून तुमच्या वहिनीला आधी सांगते. उलटसुलट बोलले, मारायला आले, तर ते जायला नाही, यायला निघाले आहेत. त्या वेळी खोलीत दोनच माणसं ठेवा, टीव्ही बंद, एकानंच बोलायचं.

मले ओळखलं. पण लगेच नाही. आधी मले त्यांची बहीण समजायचे. लहान पोराचा जन्म अपघाताच्या दोन वर्षांआधीचा, तो आठवतच नव्हता, हे पोट्टं कोणाचं म्हणून विचारायचे. आता सगळे ओळखतात.

आता कसे आहेत ते खरं सांगते, कारण मले तेव्हा खरं पाहिजे होतं. चालतात, डावा पाय थोडा ओढतात. बैल-गाई सगळं पाहतात, चारा-पाणी, शेण, त्यात काही चुकत नाही. वखरणी-डवरणीही करतात, कोणी सोबत असलं तर. फवारणी मी करू देत नाही, औषधाचं माप चुकते आणि वास येत नाही त्यांना. नाकाचा वास गेला तो गेलाच. हिशेब जमत नाही, कापसाचा काटा मी पाहते, सोसायटीत मी जाते. दुपारनंतर थकतात आणि थकले की चिडतात. एकदा फिट आली तेव्हापासून गोळी चालू, गाडीची चावी मी कपाटात ठेवते, त्यावरून अजूनही भांडण होते. पहिल्या वर्षात सुधारणा जास्त दिसली, पण दुसऱ्या वर्षीही शब्द सापडायला लागले त्यांना, लोक म्हणतात सहा महिन्यांत जे व्हायचं ते होते, तसं काही नाही झालं आमचं.

तुमच्या बाबांनी विचारलं ना, वावरात जाईल का. आमचे जातात. आधीचा माणूस जसा जायचा तसे नाही. मले कधी कधी आधीच्या माणसाची फार आठवण येते, तो समोर असतानाही. हे बोलायला कोणी नसते. तुमच्या वहिनीला बोलावंसं वाटलं तर इथं मेसेज करायला सांगा, मी रात्री नऊनंतर मोकळी असते.

निवृत्त_सिस्टर_हिंगणघाट

दिग्रसच्या ताईंनी लिहिलं ते कोणत्याच कोष्टकात मिळणार नाही. ते बाबांना वाचून दाखवा. ताई, तुमच्या मालकांची फिटची गोळी बरी वाटली म्हणून मध्येच बंद होऊ देऊ नका.

भाऊ, एम ४ चा ५ झाला ही चांगली दिशा आहे. आरशाचं वहिनींना दिसलं आणि तुम्हाला नाही, हे दोन्ही लिहून ठेवा, तारीख-वेळ टाकून. एकदा दिसून गेलं त्याचा निकाल लावायचा नसतो, वेगवेगळ्या वेळी पुन्हा पुन्हा पाहायचं. महिना होऊनही हुकूम ऐकत नसेल तर सरांना अमॅन्टाडीन नावाच्या औषधाबद्दल विचारा. २०१२ मध्ये अशाच १८४ पेशंटांवर तपासलं, औषध चालू होतं त्या चार आठवड्यांत सुधारणेचा वेग वाढला. मूत्रपिंड आणि फिट पाहून ते डॉक्टरच ठरवतील. सुस्ती आणणारी औषधं कमी करता येतील का, हेही विचारा.

बाबांना माझ्या नावानं सांगा: वावरात जाईल का याचं उत्तर आज देणारा माणूस एक तर घाबरलेला आहे किंवा त्याला काही विकायचं आहे. सहा महिन्यांनी, मग वर्षानं, पुन्हा विचारायचं. तोवर त्यांनी रोज त्याचे हातपाय हलवून द्यावेत, कसे ते फिजिओकडून शिकून. हातपाय आखडून बसले तर मेंदू जागा होऊनही तो उभा राहू शकणार नाही. पाठीवर, टाचेवर, माकडहाडावर फोड येऊ देऊ नका, दर दोन तासांनी कूस बदला. हे बापाचं काम आहे, त्यांना रिकामं बसवू नका.

कागद सांभाळा. पंचनामा झाला नसेल तर करून घ्या, एमएलसीची (दवाखान्यानं पोलिसांसाठी केलेल्या अपघाताच्या नोंदीची) नक्कल घ्या, सगळ्या स्कॅनच्या फिल्म घ्या. गाडी त्याच्या नावावर असेल, लायसन चालू असेल, तर गाडीच्या विम्यात मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण आहे का ते पॉलिसीत पाहा. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर त्यात ते मिळतं. आज अर्ज करायची गरज नाही, पण विमा कंपनीला अपघाताची खबर लेखी देऊन ठेवा. पुढं अपंगत्वाचं प्रमाणपत्रही याच कागदांवर होईल.

सुट्टी देतील त्याच्या आधी चार-पाच दिवस वहिनी आणि तुम्ही दोघांनी सगळं स्वतःच्या हातानं करून दाखवायचं: नाकाच्या नळीनं खाऊ घालणं, डोकं उंच ठेवून, गळ्याची नळी साफ करणं, सक्शन मशीन भाड्यानं कुठं मिळतं आणि लाईन गेली तर पायानं चालवायचं मशीन मिळतं का, हे विचारणं. गावात लाईन जातेच. डिस्चार्जच्या कागदावर आजचा जीसीएस तिन्ही भाग वेगवेगळे करून लिहून घ्या, म्हणजे पुढच्या डॉक्टरांना तुलना करता येईल.

आणि घरी गेल्यावर सुधारत असलेला माणूस पुन्हा सुस्त व्हायला लागला, उलट्या झाल्या, फिट आली, तर “आता असंच होणार” म्हणून बसू नका. मेंदूतलं पाणी साचलेलं असू शकतं, सीटी करून कळतं आणि त्याला ऑपरेशन आहे. तेव्हा १०८ ला फोन करा आणि न्यूरोसर्जन असेल अशा ठिकाणीच न्यायला सांगा, स्कॅनच्या फिल्म सोबत घेऊन.